दारापुढचा मका

निवृत्तीनंतर वाळवंटात जाऊन राहायचं हे खूळ आमच्या यांचं. माझं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा एवढा मोठा आहे की निदान सुरुवात तरी माझ्या माथी नको.

जर्सी सिटीत आम्ही वीस वर्षं काढली. हे सिव्हिल इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त आणि लघवी तपासत होते. यांना दमा. पहिली काही वर्षं पावसाळी हवेत थोडी धाप लागायची, मग हिवाळाभर, मग बारा महिने. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा. यांना तेवढंच निमित्त हवं होतं. फार पूर्वी ऑफिसने यांना रस्त्याच्या सर्व्हेसाठी पूर्व ओरेगनला पाठवलं होतं, आणि तेव्हापासून जेवताना, गाडी चालवताना, पाहुण्यांसमोर, 'तिथलं आकाश' म्हणून यांची टकळी सुरू व्हायची. १९८३ साली रिटायर झाले आणि पाच एकर जमीन घेऊन मोकळे झाले. तिच्यावर एक लांबट पत्र्याचं घर, ट्रकवरून आणून ठेवलेलं. विहीर, गॅसची टाकी, मागे झाडांचा एक दाट पुंजका आणि बाकी नजर जाईल तिथवर गुडघाभर उंचीची राखाडी झुडुपं.

क्युपर्टिनोला कॉम्प्युटरमध्ये काम करणारा आमचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, धिस इज क्रेझी. तिथे जवळ हॉस्पिटल तरी आहे का?" तीस मैलांवर एक दवाखाना होता. मी म्हटलं, "बाबांना विचार." बाबा म्हणाले, "हवा बघ रे इथली." झालं, विषय संपला. जर्सीतल्या ओळखीच्या पोरी विचारत, काकू, तिकडे नारळ मिळतो का? मी सांगे, माणूस मिळत नाही, नारळाचं काय घेऊन बसलात.

पण खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष चांगलं गेलं. यांची छाती मोकळी झाली. सकाळी हे काठी घेऊन मैलभर चालून येत आणि न धापता बोलत. मी बोलायला लागले की पूर्वी हे खोकत. आता उत्तरं द्यायला लागले, एवढाच काय तो तोटा. डाळीच्या डब्यात उंदीर, पायरीखाली साप, संध्याकाळी कायोटींची कोल्हेकुई, या सगळ्याची मला सवय झाली. सापाला मी फावड्याने मारलं तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणाले, आपण त्याच्या घरात आलोय. मी म्हटलं, मग भाडं द्या त्याला.

आता यांच्या एका नेमाबद्दल सांगायला हवं. हे देव मानत नसत. घरात तसबीर नाही, पूजा नाही, संकष्टी मी एकटी करणार. पण जेवायला बसण्याआधी पहिला घास काढून दाराबाहेर ठेवायचा, आणि त्याला कोणी तोंड लावल्याशिवाय आपल्या ताटाला हात लावायचा नाही, हे मात्र यांनी जन्मभर पाळलं. पितृपक्षात कावळा शिवेपर्यंत लोक थांबतात ना, तसं यांचं रोजचं. का, म्हणून मी लग्नानंतर विचारलं होतं. म्हणाले, "वडील गेले त्या वर्षी कावळा शिवला नाही. सगळे जेवायला बसले, मी नाही बसलो. मग सवयच लागली." जर्सीत खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर, फायर एस्केपवर, कबुतरं यायची. घरमालकाने दोनदा नोटीस चिकटवली, मी दोन्ही फाडल्या. कारण घास बाहेर नसला की यांना खरोखरच गिळता येत नसे. नाटक नव्हतं ते. घास तोंडात फिरत राहायचा.

ओरेगनला पहिले आले डोमकावळे. भाताच्या मुदीसाठी बाराच्या ठोक्याला हजर. हे खूश, मीही खूश, कारण जेवणं वेळेवर होत होती.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात यांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे दवाखान्यात होते. घरी आणलं तेव्हा पँट दोरीने बांधायची वेळ आली होती. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांचं वजन एकशे बारा पौंड आहे. फुप्फुसं श्वास घेण्यातच सगळी ताकद खातात. यांनी खाल्लं पाहिजे. आणखी उतरले तर पुढची सर्दी यांना घेऊन जाईल." मी लॅबमधली बाई, मला आडवळण लागत नाही. समजलं. या माणसाने दोन वेळा पोटभर जेवायचं, नाहीतर वसंत बघायचा नाही.

आणि हे जेवेनात. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. मी मुगाची खिचडी केली, दुधातल्या शेवया केल्या, सांजा केला, रागावले, रडले. "अहो, माझ्यासाठी खा." "अगं खातोय ना," म्हणायचे आणि चमचा तसाच धरून बसायचे.

नोव्हेंबरात बर्फ पडलं आणि हरणं खाली उतरली. तिकडची हरणं अंगाने थोराड, कान खेचरासारखे लांब. एक मादी आणि तिची दोन पाडसं दाराशी आली आणि कावळ्यांसाठी ठेवलेल्या पोळीला तिने तोंड लावलं. यांची खुर्ची खिडकीशी होती. हे पुढे वाकून बघायला लागले, आणि बघता बघता पूर्ण पोळी खाल्ली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मी दुसरी पोळी हरणीला टाकली. यांनीही दुसरी खाल्ली. "ती खातेय तोवर मी पण खातो," म्हणाले. किती दिवसांनी हसले होते.

मला काय, वाटच सापडली. पोळ्यांवर कसं भागणार? गुरांचं खाद्य विकणाऱ्या फीड स्टोअरमध्ये जाऊन भरडलेल्या मक्याचं पन्नास पौंडांचं पोतं आणलं. दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच, दारापुढे परातभर मका ओतायचा, यांचं ताट खिडकीशी न्यायचं. हरणं चघळत, हे चघळत. पहिल्यांदा तीन होती, मग पाच, मग सात. सात हरणं म्हणजे दोन वाट्या भात, आमटी, भाजी आणि वर ताकसुद्धा. मला मनातून इतकं बरं वाटत होतं की मी त्यांच्याशी मराठीतून बोलायला लागले. या गं बायांनो, बसा पंगतीला.

अर्ध्या मैलावर एक विधवा बाई राहायची. सत्तरीची, पुरुषी बूट घालणारी, स्वतःची गुरं स्वतः बघणारी. ती आम्हाला सरपण आणून द्यायची. तिने परात बघितली आणि गाडीतून न उतरताच म्हणाली, "त्यांना खायला घालू नकोस. मरतील." मी विचारलं, का? "हिवाळ्यात त्यांचं पोट वेगळं असतं. झुडपांच्या काड्या खातात ती. दाणा पचत नाही." माझ्या डोक्यात तिडीक गेली. हिने महिन्यापूर्वी एक हरीण मारून गॅरेजात उलटं टांगलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जी बाई हरणं मारून खाते, तिने मला, भुकेल्याला घास घालणारीला, शहाणपण शिकवावं? आमच्याकडे दारी आलेल्याला हाकलत नाहीत, असं मी तिला नाक वर करून ऐकवलं. ती म्हणाली, "बरं." आणि सरपण उतरवून गेली.

ख्रिसमसच्या आसपास मोठं बर्फ झालं आणि एका सकाळी धाकटं पाडस गॅसच्या टाकीमागे पडलेलं दिसलं. पोट टम्म फुगलेलं, पाय ताठ. मला वाटलं थंडीने. दोन दिवसांनी दुसरं पाडस. ते जिवंत होतं पण उठत नव्हतं, दात खात होतं. मी त्याच्या तोंडाशी मका नेला, काय म्हणावं या अकलेला. मग मीच शेजारणीला फोन केला. तिने सरकारी वन्यजीव खात्यातल्या माणसाला कळवलं.

तो आला, पाडसाला गोळी घालून मोकळं केलं आणि टाकीमागेच पोट फाडून मला दाखवलं. आत मका होता. गच्च. पिवळा, भिजलेला, एकही दाणा पचलेला नाही. आणि वास आला तो मला ओळखीचा होता. इडलीचं पीठ ऐन उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर राहिलं की येतो तसा, आंबून वर गेलेला. तो सांगत होता, एकदम इतका दाणा गेला की आत आम्ल तयार होतं, आतडी जळतात, भरल्या पोटी उपाशी मरतात. मला सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर मी आम्ल मोजत आले होते.

मी विचारलं, "आता गवत घातलं तर? दुसरं काही?" तो म्हणाला, "आता काहीच नको. सोडून द्या. बाकीची कदाचित आपणहून झुडपांकडे जातील." मी विचारलं, मला दंड होणार का. "कायदा नाही मॅडम," तो म्हणाला, "असता तर बरं झालं असतं." भांडला असता तर चाललं असतं मला. तो नुसता हात बर्फाने पुसून निघून गेला.

आत आले तर यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "थंडीने वाचणार नव्हतं म्हणाला. यंदा थंडी फार आहे."

"हं," म्हणाले.

त्या दुपारी मी मका ओतला नाही. झुडपांच्या कोवळ्या काड्या कापून दारापुढे ठेवल्या. हरणं आली, काड्या हुंगून तशीच उभी राहिली, खिडकीकडे बघत. कावळ्यांसाठी भाताची मूद ठेवली तर कावळे फिरकले नाहीत. त्यांना टाकीमागे पाडस होतं, भाताची गरज राहिली नव्हती. हे ताट पुढे घेऊन बसले होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "भूक नाही आज." संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी तीन चमचे दूध. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालून देताना माझ्या हाताला यांच्या पोटरीचं हाड लागलं, नुसतं हाड.

बारा वाजता मी परातभर मका नेऊन ओतला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. चूक नव्हती ती. चूक आधी झाली होती, तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. मला पाडसाचं फाडलेलं पोट डोळ्यांपुढे दिसत होतं आणि मी परात झटकून शेवटचे दाणेसुद्धा पाडले. आत येऊन यांना वाढलं. हे जेवले.

पुढे असंच चाललं. आठ-दहा दिवसांत एक हरीण पडायचं. मी पहाटे उठून आधी बाहेर चक्कर मारायचे, हे उठायच्या आत. सापडलं की ताडपत्रीवर लोळवायचं आणि ओढत ओढत झाडांच्या मागे न्यायचं, जिथे खिडकीतून दिसत नाही. एकसष्टाव्या वर्षी मी मेलेली हरणं ओढत होते, तेही स्वेटरवर पदर खोचून. एकदा ओढताना घसरून त्याच्यावरच पडले. त्याचं अंग अजून कोमट होतं. तिथेच बसून मी मोठ्याने शिव्या दिल्या, या प्रदेशाला, यांच्या दम्याला, यांच्या वडिलांच्या पिंडाला न शिवलेल्या त्या कावळ्याला. मग उठून घरी येऊन कणीक भिजवली.

हे विचारायचे, "आज चारच?"

"वरच्या टेकडीकडे गेली असतील बाकीची."

"असेल," म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे.

शेजारीण सरपण घेऊन आली. तिने परात पाहिली, झाडांमागे घिरट्या घालणारे कावळे पाहिले, मग खिडकीत जेवणाऱ्या यांना पाहिलं. या वेळी ती सरळ लाकडं उतरवायला लागली. तिच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झाली नाही. लाकडं मोजायच्या निमित्ताने मी खाली वाकले.

जानेवारीच्या शेवटी यांना दवाखान्यात नेलं. वजन एकशे सोळा. डॉक्टरचा चेहरा फुलला. यांच्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाला, "तुम्ही जे काही करताय ते चालू ठेवा." परतीच्या तीस मैलांत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मला वाटलं, हे थकलेत.

शेवटी ती एकटी हरणी उरली, पाडसांची आई. तिची पाडसं गेली, बरोबरीच्या गेल्या, ही कशी कोण जाणे टिकून होती. रोगट दिसत होती, केस उभे राहिलेले, पाय फाकून चालायची. फेब्रुवारीतली स्वच्छ उन्हाची दुपार. मी मका ओतला, यांना भात, मेथीचं वरण, लोणचं वाढलं. हरणीने दोन-चार दाणे उचलले. मग तिचे पुढचे पाय दुमडले, बसावं तशी बसली आणि बाजूला कलंडली. खिडकीपासून दहा पावलांवर. मान उचलायची, टाकायची. तोंडातून पिवळं पाणी आलं.

मी यांच्याकडे पाहिलं. हे जेवत होते. घास कालवत होते, उचलत होते, चावत होते, डोळे बाहेर. हरणीचे पाय झाडले गेले, हे थांबले नाहीत. ती निपचित झाली. यांनी ताट बोटांनी पुसून घेतलं आणि म्हणाले, "थोडा भात वाढ."

माझ्या हातातून भाताचं भांडंच पडलं. "अहो, माझ्यामुळे मेली ती," मी म्हटलं. "सगळी माझ्यामुळे मेली. मक्याने मेली. तो माणूस मला सांगून गेला होता, तरी मी घातला. तुम्ही खावं म्हणून घातला." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. ताडपत्री, झाडांमागची जागा, फाडलेलं पाडस, सगळं ओकले.

यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तो आला होता तेव्हा मी बाथरूममध्ये वाफ घेत होतो. पत्र्याची भिंत आहे, पलीकडेच टाकी. सगळं ऐकू आलं."

मला आधी कळलंच नाही हे काय बोलताहेत. मग कळलं, आणि असा संताप आला की मी ओरडलेच. "ऐकलं होतंत? आणि मला रोज परात नेताना बघत बसलात? ज्या माणसाने साप मारला म्हणून अबोला धरला, तो?"

यांनी मान खाली घातली. यांची मान केवढी बारीक झाली होती. "अगं, मला मरायचं नव्हतं," म्हणाले. "ती खात असली की मला घास उतरायचा. दुसरं कशानेच उतरत नव्हता. तू मका नाही घातलास त्या तीन दिवसांत मला फार भीती वाटली. मग तू घातलास. मी म्हटलं, आपण विचारू नये."

मी खाली सांडलेला भात गोळा करायला बसले. एवढे दिवस मी समजत होते की हे पाप माझं एकटीचं आहे, आणि त्या बदल्यात एक भला माणूस वाचतोय. त्याच समजुतीवर मी ती ताडपत्री ओढत होते.

हरणीला आम्ही दोघांनी मिळून ओढलं. हे दर पाच पावलांनी थांबत होते, मी नको म्हणत होते, पण यांनी ताडपत्रीचं टोक सोडलं नाही. उरलेला मका मी शेजारणीच्या कोंबड्यांना देऊन आले. ती काय समजायचं ते समजली असावी. तिने आत बोलावून कॉफी दिली.

संध्याकाळी पाच वाजता मी यांचं ताट वाढलं. बाहेर काहीच ठेवलं नाही. ठेवायचं धाडस नव्हतं, आणि खायला यायला उरलं होतं कोण. ताट घेऊन मी खिडकीपाशी गेले. आता हे सरकवणार, भूक नाही म्हणणार, आणि मग मी काय करू.

यांनी खुर्ची आत वळवली. ताट मांडीवर घेतलं. पहिला घास कालवला, क्षणभर हातात धरला, आणि खाल्ला. मग दुसरा. तोंडात फिरला नाही, अडकला नाही, सरळ खाली गेला. पोळी संपवली, भात संपवला. मी समोर उभी राहून शेवटच्या घासापर्यंत बघत होते, आणि हे माझ्याकडे वर बघत नव्हते.

त्यानंतर हे दीड वर्ष जगले. घास बाहेर ठेवायचा नेम पुन्हा केला नाही, मी वाढलं की लगेच जेवत. जमत होतं यांना. पहिल्या दिवसापासून जमलं असतं की काय, हे मी कधी विचारलं नाही, आणि यांनीही कधी सांगितलं नाही.